बायडाबाईच्या नावाचं रोप

हिंजवडीत आयटी पार्क यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. तुळजाबाई आणि बायडाबाई सख्ख्या जावा. शेतं शेजारी, चुली वेगळ्या. पावसाळ्यात पुण्याहून मंदाकिनीबाई एसटीनं यायच्या. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. तुळजाबाईच्या बांधावर वाकून गवत न्याहाळत बसायच्या. तुळजाबाईनं त्यांना दोनदा हाकललं. धाकट्या बायडाबाईनं मात्र ओट्यावर बसवून चहा-भाकरी दिली.

त्या बांधावरचं पांढऱ्या फुलाचं एक बुटकं रोप कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी जुळेना. नमुने ताडून पाहिल्यावर ते नवंच ठरलं. मंदाकिनीबाई छापलेला कागद घेऊन गावात आल्या.

"रोपाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द आडनावासारखा, नात्यातल्या सगळ्या रोपांचा. दुसरा फक्त याचा. तो तुमच्या नावावरून ठेवलाय, बायडाबाई."

गाव बघायला लोटलं. तुळजाबाईला घास जाईना. बांध माझा, फूल माझं, आणि नाव हिचं!

आठवड्यानं ती कोथरूडला मंदाकिनीबाईंच्या दारात उभी राहिली.

"नाव बदला."

"एकदा रीतसर छापलं की मलाही बदलता येत नाही."

"कुनालाच न्हाई?"

"याच रोपाला आधी कुणी नाव दिलेलं सापडलं, तर ते जुनं नाव धरतात."

"मग हुडका की!"

"हुडकलं, तुळजाबाई. नाही सापडलं."

घरी येऊन तिनं खुरप्यानं सगळा बांध खरवडून काढला. बायडाबाई बघत उभी होती. "आक्का, म्या मागितलं न्हवतं," एवढंच म्हणाली. नाव तरीही गेलं नाही. ज्या रोपावरून ते दिलं, ते वाळवून कॉलेजात जपलेलं होतं.

पुढं शेतं गेली, रस्ते आले. रोप कुठं तगलंय का बघायला म्हाताऱ्या मंदाकिनीबाई पुन्हा आल्या. बायडाबाईनं टेकडीखाली भलतंच गवत दाखवलं.

"त्ये न्हवं," मागून तुळजाबाई म्हणाली. "त्याच्या पानाला खालनं तांबडी शीर असती."

आणि दगडाआडचं रोप तिनं नेमकं दाखवलं. दर पावसाळ्यात ती त्याला शोधत हिंडायची. उपटायला की बघायला, तिचं तिलाच कळत नव्हतं.

मंदाकिनीबाईंनी हरखून कॅमेरा काढला. "बायडाबाई, रोपाशेजारी बसा. तुळजाबाई, जरा बाजूला होता का? सावली पडतेय."

तुळजाबाई बाजूला झाली.