राखणीचं कोकरू

पुतळाबाईला घड्याळ लागत नाही. खुटबाव स्टेशनातून दौंडकडे शटल गेली की ती सासूला डाव्या कुशीवर वळवते आणि पुण्याकडे जाणारी गेली की उजव्या. मालगाड्या ती धरत नाही. "त्यांचं काय, बाई, लहर आली की जात्यात," असं तिनं मला एकदा सांगितलं होतं. रात्रीच्या गाड्यांनाही ती उठते. एवढं करून सकाळी अंगण झाडताना तिचा चेहरा असा असतो की हिला बारा तास झोप मिळाली असावी.

सासूचं नाव अनसाबाई, पुतळाबाई त्यांना आत्या म्हणते. त्यांच्या अंगावरून वारं गेलं त्याला आता काही वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं, पण डोकं शाबूत आहे आणि जीभ चालते तेवढी तिखटच चालते. मूळचं हे मेंढपाळांचं घर. म्हस्कूआप्पा, म्हणजे अनसाबाईंचे मालक, होते तोवर मोठा कळप होता. ते गेले, मेंढरं विकली, थोडा ऊस आणि कांदा आला. मुलगा बिरदेव तरकारीचा टेम्पो चालवतो आणि हौस म्हणून चार-दोन मेंढरं पाळतो. पुतळाबाई ही त्याची बायको.

मी समोरच राहते. अंगणवाडी चालवते. गावची पोरं सांभाळायची, गरोदर बायांकडे चकरा मारायच्या, कुठलीही मोहीम निघाली की पुढं व्हायचं, आणि हे सगळं झाल्यावर मला जे मिळतं त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. पगार म्हटला की रजा आली, पेन्शन आली. त्यापेक्षा मान दिलेला सरकारला स्वस्त पडतो. त्यामुळे कोणाच्या कामाला कोण काय म्हणतं, याकडे माझं जरा जास्तच लक्ष असतं. घरचे म्हणतात, तुला भांडायला निमित्त लागतं. लागतं तर लागतं.

पुतळाबाई आधी कुरकुंभच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला जायची. काँट्रॅक्टरकडून. डोक्याला टोपी, हातात मोजे, गळ्यात फोटोचं कार्ड. बिरदेव तिला गाडीवर चौफुल्याला सोडायचा, तिथून कंपनीची बस. संध्याकाळी ती बसमधल्या गमती सांगत यायची. बिहारच्या बायकांकडून हिंदी शिकली होती आणि आमच्यावर उगाच झाडायची. मग अनसाबाई पडल्या. दुसऱ्या दिवसापासून पुतळाबाई घरी. तिला कामावर जाऊ नको असं कोणी म्हटलं नाही, तसं जाशील का असंही कोणी विचारलं नाही. घरात सून असताना असले प्रश्न पडत नाहीत.

बिरदेवची धाकटी बहीण हर्षदा नर्सिंग शिकली, भाषेचा क्लास लावला आणि जर्मनीला गेली. तिथं म्हाताऱ्या माणसांच्या एका घरात ती काम करते. म्हणजे लेक परक्या आयांचं करते आणि तिच्या आईचं करते परक्या घरातून आलेली सून. हे मी एकदा बिरदेवला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "बाई, तुमी लई इचार करता."

हर्षदाचा फोन आला की पुतळाबाई स्पीकर लावते आणि मी माझी भाजी निवडायला त्यांच्या ओट्यावर नेते. एका दुपारी मी फोनवर हर्षदाला विचारलं, "एवढ्या म्हाताऱ्यांचा खर्च करतं कोण गं तिकडं?"

"पगारातनंच आधी कापून घेत्यात, बाई. आजारपणाचं येगळं, काम सुटलं तर त्याचं येगळं, आन् पुढं कुणी धरून उठवायला लागलं तर त्याचं बी येगळं. मालक बी भरतो. मग तशी येळ आली की मानूस घरी येऊन बघतं, उठता येतं का, जेवता येतं का. त्याच्यावरनं ठरतं."

"आणि घरातल्याच कुणी केलं तर?" मी विचारलं.

"तर घरी पैशे देत्यात. आन् करनारीची ती वर्सं तिच्या पेन्शनीत धरत्यात. तिला सुट्टी पायजे असली तर बदली मानसाचा खर्च बी मिळतो."

पुतळाबाई भाकरी दुधात कुस्करत होती. मी मनातल्या मनात आपल्याकडचं बघू लागले. अनसाबाईंना सरकारचे थोडे पैसे येतात. योजनेचं नाव श्रावणबाळ. आईबापांना कावडीत घालून वाहणाऱ्या मुलाचं नाव! इथं वाहणारी सून आहे आणि त्या योजनेला ती ठाऊकही नाही. मला राग आला. मेथीच्या काड्याही मी पानांत टाकल्या.

"म्हंजी तिकडं समदं ग्वाडच हाय म्हना," पुतळाबाई म्हणाली.

"न्हाई वं वहिनी. माझ्याकडं एक आजी हाय. समदं मिळतं तिला, पण लेक नाताळाला येतो तेवढाच. ती मला लेकीच्या नावानं हाक मारती. त्यांच्याकडं पैसा हाय, हात न्हाईत. म्हणून तर आमाला बोलावलं. माझ्याबरोबर एक फिलिपीन्सची बाई हाय. तिच्या आईला तिकडं मावशी सांभाळती, आन् त्या मावशीच्या सासूला कोन बघतं ते तिलाच ठाव न्हाई."

यंदाच्या थंडीत दोन गोष्टी एकदम आल्या. एक, हर्षदा रजेवर यायची ठरली. दुसरी, पुतळाबाईला जुन्या सुपरवायझरचा फोन आला. कंपनीत नवी लाइन सुरू होतेय, हाताला वळण असलेल्या जुन्या बायका हव्यात, आणि या वेळी काँट्रॅक्टर नाही, थेट कंपनीत घेणार. नवा महिना उजाडायच्या आत सांग.

हे तिनं फक्त मला सांगितलं. अंगणवाडीत मला खिचडीचं पातेलं उतरवू लागता लागता.

"जायचंय का तुला?"

"व्हय." इतक्या पटकन म्हणाली की मीच दचकले.

"मग घरात बोल."

"काय बोलू, बाई? आत्याला कुनाच्या अंगावर टाकू?"

मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

हर्षदा आली. बॅगा दारातच टाकून तिनं आधी आईची पाठ बघितली. तिचं ते रोजचंच काम. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेलं माणूस, पण पाठीवर एक जखम नाही, साधा लाल डागही नाही. हर्षदा पाठीवरून हात फिरवत राहिली आणि एकदम रडायलाच लागली. "आमच्याकडं मशीनच्या गाद्या असत्यात वहिनी, तरी अशी पाठ ऱ्हात न्हाई." पुतळाबाई लाजली आणि चहा ठेवायला पळाली.

पोरगी मनाची चांगली. म्हणूनच तिनं घोळ घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुतळाबाईच्या हातात एक पाकीट ठेवलं. "वहिनी, हा पगार. आता दर महिन्याला पाठवीन. तिकडं घरच्या मानसाला देत्यात, मग मी का देऊ नये? आता तुमाला भायेर काम बघायचं कारनच न्हाई."

मी ओट्यावरच होते. पुतळाबाईचा चेहरा मी पाहिला. कानशिलात बसावी तसा झाला होता.

"पगार म्हनता व्हय, ताई?" ती शांतपणे म्हणाली. "मंग ड्यूटी किती तासांची? जेवायची सुट्टी कवा? वीकली ऑफ कंचा?"

हर्षदाला वाटलं वहिनी थट्टा करतेय. हसून म्हणाली, "घ्या की रविवार."

रविवारी पुतळाबाईनं अंघोळ केली, पेटीतलं लुगडं काढलं, पाकीट न उघडता अनसाबाईंच्या उशाशी ठेवलं आणि चालत स्टेशन गाठलं. तिचं माहेर कोरेगाव भीमा, शिरूर तालुक्यातलं. आजारी सासूला टाकून सून माहेरी गेली, ही बातमी शटलच्या आधी केडगावला पोचली असेल.

मी दिवसभर मदतीला जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, मजा बघायलाही बसले. हर्षदानं मोबाइलला गजर लावले होते. उचलणं, पुसणं, कपडे बदलणं, सगळं कसं नीट, शिकलेलं. पण अनसाबाईंचं समाधान होईना. गजर व्हायच्या आत त्या ओरडायच्या, "गाडी गेली! वळीव!" घास पुढं केला की तोंड फिरवायच्या. बिरदेव दारात उभा राहून, आता काय करू, एवढंच विचारत होता.

"पुतळा कुठं हाय?"

"सुट्टीवर, आये."

"सुट्टी? सून कसली सुट्टीवर?"

हर्षदानं पगाराची गोष्ट सांगितली. अनसाबाईंनी उशाचं पाकीट चाचपलं. नंतर मात्र मुकाट्यानं जेवल्या.

संध्याकाळी पुतळाबाई आली, चप्पल काढली, हात धुतले आणि सासूजवळ बसली. सगळे जमलेच होते. अनसाबाई अडखळत, एकेक शब्द ओढत बोलल्या, "पगार गड्याला असतो. राखनीला ऱ्हायलेलीला कोकरू असतं. हिचं कोकरू कुठं हाय?"

बिरदेवला माहीत होतं, हर्षदाला नव्हतं. म्हणून त्यानं सांगितलं. त्यांची बिऱ्हाडं कळपाबरोबर कोकणाकडे फिरायची तेव्हा कोणी आजारी पडलं, कोणी बाळंत झाली, तर एक बाई तिच्यासोबत मुक्कामाला मागं राहायची. बाकीचे पुढं जायचे. पुढं कोकरांची वाटणी झाली की सगळ्यांच्या आधी मागं राहिलेलीनं आपलं कोकरू निवडायचं. तिला आवडेल ते. ते तिचं आणि त्याची पुढची पैदासही तिची. तिला विचारल्याशिवाय नवऱ्यालाही ते विकता यायचं नाही. ती कळपाबरोबर चालली नाही, म्हणून तिनं काम केलं नाही, असं कोणी धरायचं नाही.

मला हर्षदाचा तो फोन आठवला. त्या देशात जी वर्षं पेन्शनीत धरतात ती या म्हातारीनं कोकरात धरली होती. फक्त तिकडं हे सगळ्या देशानं मिळून ठरवलंय आणि इथं एका म्हातारीला आठवलं म्हणून. ती विसरली असती तर?

पुतळाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं पुसून ती म्हणाली, "आत्या, मला कंपनीतनं बोलावनं आलंय. पर्मनंट. मला जायचंय."

हर्षदाची मान खाली गेली. बाहेर काम बघायचं कारणच नाही, हे आपण काय बोलून बसलो ते तिला आत्ता कळलं.

"मंग जा की," अनसाबाई म्हणाल्या. "कोकरू बी घे आन् जा बी."

"आन् तुमचं कोन करंल?"

अनसाबाईंनी बिरदेवकडे पाहिलं. बिरदेवनं बहिणीकडे पाहिलं. मला तर दोघांनाही चार शब्द सुनवायचे होते, पण तेवढ्यात हर्षदानं ते पाकीट उचललं. "ह्यातनं बाई ठिवू. पगारावर. तिला पगारच म्हनायचा." मग वहिनीकडे न बघता म्हणाली, "चुकलं माझं."

मागच्या आळीच्या भागुबाई यायला तयार झाल्या. पुतळाबाईनं कोकरू निवडलं ते काळ्या तोंडाचं, सगळ्यांत उजवं. बिरदेवनं ते स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. त्याचा चेहरा पडला, पण आईसमोर बोलायची सोय नव्हती.

हर्षदा परत गेली आणि पुतळाबाईचा कामावर जायचा दिवस उजाडला. पिशवीत डबा, गळ्यात नवं कार्ड. भागुबाईंना तिनं शटलांचं सगळं समजावलं, कुठली गेली की कुठली कूस. बिरदेव गाडी चालू करून बसला होता. ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

"मावशी, तुमची सुट्टी कंच्या वारी?"

भागुबाई गोंधळल्या. "मला कशाची सुट्टी गं?"

"कंचा वार ते सांगा."

"रईवार दे मंग. घरी आमचं मालक बी पडूनच असत्यात, त्यांच्या अंगावरनं पानी तरी घालीन."

पुतळाबाईची कंपनीची सुट्टी गुरुवारी. ती गाडीपाशी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "रविवार तुमचा."

"माझा? मला कुठं येतंय त्यातलं?"

"मला तरी कुठं येत हुतं?"

त्या रविवारी मी ओट्यावर बसले होते. बिरदेव आईच्या मागं बसून तिचे केस विंचरत होता. आमच्या आळीत मुलानं आईची वेणी घातलेली मी तोवर पाहिली नव्हती. दौंडची शटल गेली. "वळीव!" अनसाबाई ओरडल्या. त्यानं कंगवा टाकला आणि घाबरून त्यांना उजवीकडे वळवलं. "डावी, मेल्या, डावी!"

पुतळाबाई संध्याकाळी कामावरून आली तेव्हा अनसाबाईंनी चांगल्या हातानं वेणी पुढं ओढून तिला दाखवली. "त्यानं घातली," म्हणाल्या. वेणी वाकडी होती, अर्धे केस बाहेर आले होते. पुतळाबाईनं ती तशीच राहू दिली.