थांबलेला हात

"कोण आहे ती?"

डहाणूजवळच्या चिखले गावच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवणाऱ्या एक मावशी होत्या; कोणतीही गोष्ट मध्येच अडवून त्या असं विचारायच्या. गल्लीतलं भांडण असो की टीव्हीवरची मालिका, माणूस कोण ते कळल्याशिवाय पुढे ऐकत नसत. सांगणाऱ्याची अशी दमछाक करणारं कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल.

२०१६ साली आम्ही डहाणूच्या कॉलेजात होतो आणि स्पर्धेसाठी थ्रिलर शॉर्टफिल्म करत होतो. दिग्दर्शन माझं. सुरुवात पक्की होती: सुरूच्या बनातून एक मुलगी किंचाळत पळते, मागे चाकूवाला. मावशींच्या समोरच ते शूट झालं. मी कौतुकाने त्यांना मोबाइलवर दाखवलं.

"कोण आहे ती?"

"ते नंतर कळतं, मावशी."

"मग मी आधीच कशाला घाबरू? पळतेय तर पळू दे."

कॅमेरा सांभाळणारा माझा मित्र तोंड फिरवून हसला. मला राग आला. घरी जाऊन पुन्हा पाहिलं, तर त्यांचं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आधी किनाऱ्यावरचं रोजचं काम दाखवायचं. मावशी तयार झाल्या. "मला बोलायला लावू नका," एवढीच अट. त्या बांबूवर बोंबील टांगत होत्या, आम्ही जवळून त्यांचे हात घेत होतो.

भरतीबरोबर बोटी परतत होत्या. इंजिनाचा आवाज आला की मावशींचा हात थांबायचा. बोट दुसऱ्याची निघायची, हात पुन्हा चालू. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी विचारलं. त्यांच्या घरवाल्याची बोट सकाळीच यायला हवी होती. फोन लागत नव्हता. वारा वाढला होता, आणि पाणी ओसरलं की बोट किनाऱ्याला लागणार नव्हती.

मित्र कुजबुजला, "आता थांबवू नकोस. हीच आपली सुरुवात."

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला लाज वाटली. मी लेन्सवर हात धरला आणि मावशींच्या शेजारी जाऊन बोंबील टांगू लागले.

"दोन बोंबील घे, जबड्यात जबडा अडकव," त्या म्हणाल्या. पाणी मागे सरकत होतं.

ऊन कलल्यावर, दुसऱ्या बोटीने ओढून आणलेली त्यांची बोट दिसली. इंजिन बंद पडलं होतं. घरवाला चिखल तुडवत वर आला. "जेवण कधीचं गार झालं," मावशी म्हणाल्या आणि वाळूतच खाली बसल्या.

आठवड्याने ते चित्रीकरण त्यांना दाखवलं. वापरू का, विचारलं. स्वतःच्याच हाताकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"वापर. पण तो परत आला, तेही दाखव. नाहीतर लोक माझ्या घरवाल्याला बुडवून घरी जातील."

चाकू गेला, किंचाळी गेली. गोष्ट वेळेवर न परतलेल्या बोटीची झाली. परत येण्याचं दृश्य घरवाल्याने दोनदा करून दिलं, दोन्ही वेळा हसत.

बक्षीस मिळालं नाही. मावशी २०१९ मध्ये आजारपणात गेल्या. त्यांची आठवण आली की मला कॉलेजचं सभागृह दिसतं. आमची फिल्म पाहायला मावशी आणि घरवाला, दोघं आले होते. पहिल्या इंजिनाच्या आवाजाला सभागृह चिडीचूप झालं. मी पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते. शेवट त्यांना ठाऊक होता, घरवाला शेजारीच बसला होता. तरी मावशींनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि पडद्यावर बोट येईपर्यंत सोडलं नाही.