वर जाऊन आलेले चिंचोके

नवागाममधल्या मराठी शाळेचा माळी लोटू उखा पाटील याला प्रश्न विचारायची खोड होती. तेवीस वर्षं त्याने बमरोलीच्या यंत्रमागांवर काढली. मागांच्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो. समोरच्याचे ओठ बघायचे आणि समजून घ्यायचं. पुढे कान मंदावले, कारखाना सुटला आणि शाळेच्या झाडांना पाणी घालायचं काम मिळालं. तेवीस वर्षांत न विचारलेले सगळे प्रश्न आता एकदम बाहेर निघताहेत, असं त्याची बायको भागीरथी म्हणायची.

गेल्या फाल्गुनात शाळेच्या विज्ञान शिक्षिका जयश्रीबेन हातात दोन पाकिटं घेऊन बागेत आल्या. एकावर लाल पट्टी होती, एकावर निळी. दोन्हींत सहा-सहा चिंचोके.

"एकाच झाडाचे आहेत, काका," बेन म्हणाल्या. "हे लाल पट्टीचे अवकाशात जाऊन आलेत. पृथ्वीभोवती चार महिने फिरले. निळे इथेच एका कपाटात राहिले. एका कॉलेजने काही शाळांना वाटलेत. बघायचंय, वर जाऊन आलेल्यात काही फरक पडतो का."

लोटूने लाल पाकीट कानाशी नेऊन हलवलं.

"वर यांना वजन नव्हतं?"

"नव्हतं."

"मग खाली कुठे अन् वर कुठे, ते यांना कसं कळायचं? आता मूळ खाली जाईल की विसरलं असेल?"

जयश्रीबेन हसल्या. "मलाही माहीत नाही. म्हणून तर लावायचे."

लावण्याचा नियम त्यांनी सांगितला. माती एक, पाणी एक, ऊन एक. मातीच्या पिशव्या ओळीत, एक लाल पाटीची, एक निळ्या पाटीची, अशा आलटून पालटून. सारखेपणा सुटला की उत्तर सुटलं. लोटूला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कारखान्यात नवं सूत आलं की एका मागावर नवं आणि शेजारच्या मागावर जुनं लावून, दोन्ही एकाच वेगाने चालवून तार कुठे जास्त तुटतो ते बघत. ही तीच रीत होती.

पाकिटं एक दिवस घरी आली तेव्हा भागीरथीने भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या आणला. लांबून आलेल्यावरून तुकडा ओवाळून टाकायचा, मग घरात घ्यायचं, ही खानदेशातली चाल. लाल पाकिटावरून तिने ओवाळला, तसा लोटू म्हणाला, "निळ्यावरनं बी ओवाळ. दोन्हीले सारखं पाहिजे."

"ते कुठे गयथं? कपाटमा बशेल व्हतं!"

"तरी बी."

भागीरथीने कपाळाला हात लावला आणि दुसरा तुकडा आणला.

लाल सहांपैकी पाच उगवले, निळे सहाच्या सहा. न उगवलेला चिंचोका लोटूने उकरून बघितला. तो फुगून मऊ झाला होता, वर का खाली काहीच न ठरवता. बाकी पाचांची मुळं मात्र सरळ खाली गेली. "विसरले नाहीत," त्याने बेनला सांगितलं. त्या दिवशी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत ही बातमी त्याने सगळ्यांना ऐकवली.

जयश्रीबेन महिन्यातून एकदा पट्टीने उंची मोजून वहीत लिहीत. लोटूला महिना फार लांब वाटे. त्याने घरून सूत गुंडाळायच्या अकरा रिकाम्या बॉबिन आणल्या. वर गेलेल्यांसाठी लाल सूत, इथल्यांसाठी पांढरं; ओळीतल्या जागेप्रमाणे बॉबिनवर आकडा. दर रविवारी सुताचं टोक मातीला टेकवायचं, शेंड्यापर्यंत ताणायचं आणि तिथे एक बारीक गाठ मारायची. तुटलेला तार जोडून जोडून तयार झालेली बोटं. गाठ मोहरीहून लहान पडे. मोजून झालं की बॉबिन डब्याच्या पिशवीत घालून घरी. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

श्रावणापर्यंत रोपं हातभर झाली. तोवर गल्लीत सगळीकडे पसरलं होतं की शाळेत आकाशातून आलेली झाडं आहेत. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी खानदेशची देवी कानबाई बसली. सोमवारी तापीत विसर्जन करून बायका परतल्या, त्यांच्या पुढे कलाबाई होत्या. साड्यांना लेस लावायचं काम घरी आणून अर्ध्या गल्लीला देणाऱ्या कलाबाई पूजेतही पुढेच असत. शाळेच्या उघड्या फाटकातून त्या सरळ आत आल्या आणि लाल पाटीच्या पाची रोपांना दूध, हळद आणि उरलेलं पूजेचं पाणी घालून गेल्या.

पुढच्याच शुक्रवारी त्यांच्या मुलीचं, सोनालीचं, लग्न जमलं. मग काय विचारता! सोमवारी सात तांबे आले, शुक्रवारी अकरा.

लोटू आडवा आला. "कलाबाई, मुळं सडतील. चिंचेला एवढं पाणी लागत नाही. अन् दूध तर नाहीच नाही."

"देवना पाणीघाई झाड मरस का रे, लोटूभाऊ?"

"मरतं. पाण्याला कुठे माहीत असतं, ते देवाचं आहे म्हणून?"

"बघा गं बाया! माळी शाळेत आला अन् मास्तर झाला!"

बायका हसल्या आणि दूध ओतलं गेलं. जयश्रीबेन असत्या तर त्यांनी फाटकाला कुलूप लावून घेतलं असतं. पण त्या दोन महिने मतदार यादीच्या कामावर होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "बायकांच्या श्रद्धेत कुठे पडतोस?" श्रावण संपता संपता वर जाऊन आलेल्या पाचांपैकी दोन रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी झाली.

त्या रविवारी लोटूने उरलेल्या तिघांवर सूत धरलं. नवी गाठ जुन्या गाठीला जवळजवळ चिकटूनच पडली. चार महिने आकाशात फिरून, जिवंत परत येऊन, नवागाममध्ये दुधात बुडून मरायचं? त्याला ते सहन झालं नाही. इकडेतिकडे बघून त्याने तिन्ही लाल पाट्या उपटल्या आणि शेजारच्या तीन निळ्या पाट्यांशी बदलल्या.

युक्ती लागू पडली. बायका पाटी बघून ओतत. वर जाऊन आलेली तिन्ही रोपं पंधरा दिवसांत तरारली. लोटू खूश होता. पाट्या बदलल्याने दूध थांबलेलं नाही, फक्त सरकलेलं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं ते भाद्रपदाच्या शेवटी, जेव्हा इथली दोन रोपं आडवी झाली.

आणि त्याच आठवड्यात जयश्रीबेन परत आल्या. पट्टी घेऊन ओळीपाशी बसल्या, पाट्या बघत लिहू लागल्या. लोटू पाण्याचा पाइप धरून उभा होता. बेनचे ओठ आकडे पुटपुटत होते आणि तो ते वाचत होता.

"वाईट झालं, काका," त्या उठत म्हणाल्या. "सहांतलं एकच उरलं, तेही सुकलेलं. निळी मात्र सहाच्या सहा जोमात. म्हणजे अवकाशात बियाणं बिघडतं, असंच दिसतंय. परवा अहवाल कॉलेजात द्यायचाय. सगळ्या शाळांचे एकत्र करून ते पुढे पाठवणार आहेत."

"पुढे कुठे?"

"पुढे म्हणजे… जिथून हे बियाणं वर गेलं तिथे."

पाइपचं पाणी लोटूच्या पायावर पडत होतं, तरी त्याने तो हलवला नाही.

घरी तो जेवला नाही. भागीरथीने दोनदा विचारल्यावर सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"फागुनपासून माले इचारी इचारीसन कंटाळा आणा, वर जाईसन काय व्हस, वर जाईसन काय व्हस. आते तुम्हीनच इचारं अन् तुम्हीनच खोटं उत्तर दिधं."

"मी झाडं वाचवाले गयतू."

"ते खरं. पण बेनले ते माहीत शे का?"

"सांगसू तर नोकरी जाई. कलाबाई वेगळी फाडी खाई."

"खाई," भागीरथी म्हणाली. "जेवा आधी."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच लोटू विज्ञानाच्या खोलीच्या दाराशी उभा होता. बोलताना त्याने नजर जमिनीवर ठेवली, म्हणजे बेनचे ओठ दिसायला नकोत. सांगून झाल्यावर वर बघावंच लागलं.

"काका, मी हे उद्या पाठवणार होते!"

"म्हणून आज आलो, बेन."

"सारखेपणा सुटला की उत्तर सुटलं, हे तुम्हाला सांगितलं होतं ना? आता कुठल्या झाडाचं काय झालं, कसं कळायचं? सगळा प्रयोग गेला."

लोटूने डब्याची पिशवी टेबलावर उलटी केली. अकरा बॉबिन गडगडल्या. एक खाली पडली, ती त्याने उचलून फुंकर मारून ठेवली.

"पाट्या मी बदलल्या. सुतं नाही बदलली."

बेनने एक लाल सूत उलगडून बघितलं, मग दुसरं. मग पट्टी काढली. पहिला तास बुडाला. लोटू सूत ताणून धरी, बेन गाठीपासून गाठीपर्यंत मोजत. कानबाईच्या रविवारपर्यंत लाल आणि पांढऱ्या गाठी अगदी सारख्या अंतराने पडल्या होत्या, भावंडांच्या पावलांसारख्या. पुढे पाची लाल सुतांवर गाठी एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांतली दोन तिथेच थांबली. तीन सुतांवर, पाट्या बदलल्या त्या आठवड्यानंतर, गाठी पुन्हा मोकळ्या झाल्या होत्या. आणि नेमक्या तेव्हापासून तीन पांढऱ्यांवर चिकटू लागल्या होत्या.

"हे तर दुधाचं आहे," बेन म्हणाल्या. "आकाशाचं काहीच नाही यात."

"काहीच नाही?" लोटूचा चेहरा उतरला. "एवढं फिरून येऊन काहीच नाही?"

"अजून तरी दिसत नाही. चिंच शंभर वर्षं जगते, काका. आपण सहा महिने बघितलं."

हे ऐकून लोटू जरा सावरला. बेनने अहवाल नव्याने लिहिला. दूध, हळद, बदललेल्या पाट्या, सगळं त्यात घातलं आणि सुतांवरची मापं जोडली. "ते आपली शाळा बाजूलाही काढतील," त्या म्हणाल्या. "काढू देत. खोटं तरी जाणार नाही. नोकरीचं मी मुख्याध्यापकांशी बोलते. तुम्ही आधी पाट्या जागेवर लावा. अन् कलाबाईंना तुम्हीच सांगा."

ते काम अवघड होतं. संध्याकाळी लोटू गेला आणि कलाबाईंच्या दारात उभ्याउभ्या सांगून मोकळा झाला. कलाबाईंच्या हातातली लेस खाली पडली.

"म्हणजे महिनाभर मी कपाटातल्या चिंचेला दूध पाजलं? मला फसवलं, लोटूभाऊ? अन् ते बी देवाच्या कामात?"

"फसवलं," लोटू म्हणाला. "चूक झाली."

आठ दिवस त्यांनी तोंड फिरवलं. नवव्या दिवशी, रविवारी, त्या शाळेत हजर. हातात तांब्या. लोटू बॉबिन टाकून उठला.

"बस खाली," कलाबाई म्हणाल्या. "साधं नळाचं पाणी आहे. किती घालायचं ते सांग."

"अर्धा तांब्या. सातांत मिळून."

त्या थेंबथेंब घालत ओळीतून गेल्या, लाल पाटीला जेवढं तेवढंच निळ्या पाटीला. शेवटच्या रोपाशी थांबून त्यांनी विचारलं, "माझ्या दुधाने मेले किती?"

"वरचे दोन. इथले दोन."

कलाबाईंनी मनाशी जुळवून बघितलं. "मग समानच झालं की! उगाच माझ्या नावाने बोंब मारतो."

लोटूला हसू आवरेना. हसता हसताच त्याने लाल सुताचं टोक मातीला टेकवलं, शेंड्यापर्यंत ताणलं, आणि गाठ कुठे पडते ते बघायला कलाबाईही शेजारी खाली बसल्या.