गाडी ओरडत होती म्हणे

शेजारची बाई फाटकाशी आली आणि म्हणाली, "काका, तुमची गाडी सकाळी लय ओरडते हो. लेकरू दचकून उठते माहं."

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट, अमरावतीतली. ती सरकारी दवाखान्यात नर्स. तिचं घर आणि माझं, मध्ये एक भिंत.

"कधी ओरडते?" मी विचारलं.

"रोज. तुमी चालू करता तवा. मिनिटभर चिरकते, मंग गप होते. तुमाले ऐकू नाई येत काय?"

तिने सहज विचारलं, पण मला ते लागलं. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी सारी नोकरी फिटर म्हणून केली. जुना कारखाना. जमिनीखालून एक लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरून प्रत्येक जिनला, सरकी काढायच्या यंत्राला, एक पट्टा चढलेला असायचा. कोणता पट्टा घसरतोय हे मला आवाजावरून दारातच कळायचं. मी जाऊन त्याला राळ लावायचो किंवा ताण वाढवायचो. अशा माणसाला ही पोरगी सांगते की तुमची गाडी ओरडते.

"पाहतो," म्हटलं, आणि पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी चालू करून बाहेर उभा राहिलो, कान देऊन. इंजिनाची घुरघुर तेवढी येत होती. हिलाच काहीतरी वाटत असेल, असं ठरवून मी भाजी आणायला निघालो. बॉनेट उचलायला अर्धं मिनिट लागलं असतं. तेही केलं नाही.

घरात दुसरं कोणी असतं तर सांगितलं असतं. बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती तीन महिन्यांसाठी. त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. मुलीची नोकरी, जावयाची फिरती, नात लहान. भांडण काही नव्हतं. फक्त येण्याचा दिवस पुढे पुढे जात राहिला आणि मग आम्ही दोघांनीही त्याचं नाव काढणं सोडलं. संध्याकाळी सातला फोन यायचा. मी "हो", "बरं", "जेवलो" म्हणायचो. नात पडद्यावर यायची, तिचे ओठ हलायचे, मी तिला अंगणातला पेरू दाखवायचो. नेटवर्क बरोबर नाही, असं मी समजायचो.

जानेवारीत जिनिंगमधल्या एका जुन्या सोबत्याच्या मुलीचं अकोल्याला लग्न होतं. सकाळीच अमरावतीहून निघालो. मूर्तिजापूर यायच्या आधी स्टेअरिंग एकदम जड झालं, हातात दगड आल्यासारखं. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला, आणि पाहता पाहता तापमानाचा काटा वर सरकायला लागला. पुढचं मला कोणी सांगायची गरज नव्हती. गाडी डावीकडे घेतली, बाभळीच्या बारक्या सावलीत उभी केली, इंजिन बंद केलं.

बॉनेट उघडलं तर अर्धा पट्टा खाली लोंबत होता आणि अर्धा पुलीभोवती गुंडाळलेला. त्याच्यावरच बॅटरी चार्ज होते, स्टेअरिंग हलकं राहतं, पाण्याचा पंप फिरतो. थोडं थंड होऊ दिलं आणि तुकडा ओढून हातात घेतला. आतल्या बाजूच्या खाचा घासून काचेसारख्या चकचकीत झालेल्या. त्यांच्यावर आडव्या भेगा, बोटाच्या एका पेरात चार-पाच. कडेचे धागे सुटलेले. पट्टा एका दिवसात असा होत नाही. तो महिनोन् महिने घसरत असतो, आणि घसरताना ओरडतो. जिनिंगमध्ये नव्या पोरांना मीच हे शिकवलं होतं.

रस्त्याच्या पलीकडे तूर उभी होती. ट्रक जात होते. बायकोला फोन करावा असं वाटलं, खिशातून काढलाही, आणि परत ठेवला. ती काय बोलेल ते त्या आवाजात समजणार नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की काय सांगावं ते सुचत नव्हतं.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. पुढे मिस्त्रीला द्यायला त्याच्याजवळ गाडीचं मॉडेल कागदावर लिहून दिलं. तासाभराने फाट्यावरचा मिस्त्री मोटारसायकलवरून आला, खांद्यावर तीन पट्टे अडकवून. पन्नाशीचा असेल. जुना पट्टा त्याने नव्याशी लावून मापला. मग एकेक पुली हाताने फिरवून पाहिली, ताण देणारी पुली पान्याने मागे ओढली आणि पट्टा चढवला. काम चोख होतं. पाहून बरं वाटलं.

गाडी चालू करून त्याने मान तिरपी केली. "आवाज येऊन राहिला काय, काकाजी?"

"नाई. गेला," मी म्हटलं.

त्याने इंजिनाकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. "येऊन राहिला न. ताणाच्या पुलीचं बेअरिंग वाजून राहिलं."

त्याने लांब स्क्रू ड्रायव्हर आणला, टोक पुलीच्या मधल्या बोल्टावर टेकवलं आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावली. "आता?"

हाडातून खरखर आली. "हो," मी म्हटलं.

"कोन्या कामात होते तुमी?"

"जिनिंगमध्ये."

"माहे बाबा दालमिलमध्ये होते," तो हात पुसत म्हणाला. "त्याइले बारीक आवाज नोते ऐकू येत. मोठे सारे येत, म्हनून त्याइले वाटे का आपले कान चांगले आहेत. आमाले वाटे, बुढा मुद्दाम बोलत नाई."

"मग?"

"मंग काय. गेले तसेच." त्याने बॉनेट लावलं. "बेअरिंग अकोल्याले बदलून घ्या. ठेवू नोका तसं."

लग्नात पोचलो तेव्हा शेवटची पंगत बसली होती. जो तो वहिनींची चौकशी करत होता. मी ओठांकडे पाहून अंदाजाने उत्तरं देत होतो. एकाला म्हटलं, "पुण्याले, लेकीजवळ." तो हसला, बाजूचेही हसले. त्याने दुसरंच काहीतरी विचारलं होतं. असं याआधी किती वेळा झालं असेल, ते त्या पाटावर बसून पहिल्यांदा मनात आलं.

बेअरिंग त्याच दुपारी बदललं. दुसऱ्या दिवशी नर्सबाईला सांगितलं, पट्टा तुटला, तुम्ही म्हणत होता तो आवाज त्याचाच, आणि मला तो कधी आलाच नाही.

"म्या कटकट म्हनून नोतं सांगितलं, काका," ती म्हणाली. "गावोगावी एकटे जाता, म्हनून सांगितलं."

तिनेच मला तिच्या दवाखान्यात कान तपासायला नेलं. बंद खोलीत कानावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. चार-सहा वेळा दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी पुढचा आवाज सुरू व्हायची वाट पाहत बसलो होतो. तेवढ्यात दार उघडून तिथला माणूस म्हणाला, "काका, झालं."

कानाचं यंत्र मिळालं त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. रस्ता, मिस्त्री, बंद खोली.

मग ती म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी तुमाले ऐकूच नाई आलं?"

"कोणत्या दिवशी?"

"मी पुण्याले निघाली त्याच्या आदल्या दिवशी. भाकरी टाकत होती. म्हटलं, तुमचं एकट्याचं कसं होईन, नको जाऊ काय? तुमी बाहेर पेपर वाचत बसले होते. काईच बोलले नाई. मले वाटलं, तुमाले काई फरक पडत नाई."

तो दिवस मला आठवतो. भाकरी करपल्याचा वास आठवतो. प्रश्न आठवत नाही, कारण तो माझ्यापर्यंत आलाच नव्हता.

"जा म्हटलं असतं," मी खरं ते सांगितलं. "पोरीला गरज होती. पण म्हटलं असतं. चूप नसतो राहिलो."

"तेवढंच पायजे होतं मले," ती म्हणाली.

होळीला ती आठ दिवस आली आणि परत गेली. नातीची बालवाडी, मुलीची कामाची वेळ. तिथलं घर आता तिच्यावरच चालतं. मला ते पटतं. पुण्याला येऊन राहा, असं ती, मुलगी आणि जावई तिघंही म्हणतात. मी दोनदा जाऊन आलो. तिथे माझं काम काही नाही.

फोन अजून सातलाच येतो. नात गाणं म्हणते. तिचा बारीक आवाज आता पोचतो, अर्धे शब्द गळतात. मी परत म्हणायला सांगतो, ती चिडून मोठ्याने म्हणते. साडेसातला फोन ठेवतो. मग घरातलं सगळं ऐकू यायला लागतं. फ्रीज, पंख्याची पाती, टाकीत पडणारं पाणी. आधी हे घर मला शांत वाटायचं. थोडा वेळ ऐकत बसतो, मग यंत्र काढून डबीत ठेवतो आणि भात टाकतो.