दोरीवरचे तेच कपडे

स्वप्नालीला कुणी फुकट काही देऊ केलं की ती आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. सवय घरातलीच. वडील बबन अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणीला होते. समोर आलेला प्रत्येक भाग आधी खोटा धरायचा आणि मोजून झाल्यावरच खरा म्हणायचा, हे त्यांचं नोकरीतलं काम घरीही चालू असायचं. आई भागीरथी तर रिक्षावाल्याने सुटे बरोबर परत दिले तरी मागे वळून त्याचा नंबर बघून ठेवायची.

अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या विष्णुपंतांकडे ती लहानपणापासून व्हायोलिन शिकली. पंतांची हयात सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेलेली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला त्यांनी तिच्या हातातलं व्हायोलिन काढून घेतलं आणि व्हायोला दिला. दिसायला व्हायोलिनसारखाच, पण मोठा आणि जाड आवाजाचा. "तुझा हात मोठा आहे," ते म्हणाले. स्वप्नालीला ते पटलं नाही. बरेच महिने मनात ठेवून शेवटी तिने विचारलं, "सर, हात मोठा म्हणून दिलात की माझं व्हायोलिन कच्चं होतं म्हणून?"

"दोन्ही," पंत म्हणाले.

त्या दिवसापासून तिचा व्हायोलावर आणि पंतांवर विश्वास बसला.

पंतांच्याच चार शिष्यांनी मिळून क्वार्टेट, म्हणजे पाश्चात्त्य संगीताचा चौघांचा संच, काढलं. पहिलं व्हायोलिन बदलापूरच्या उन्नतीचं, दुसरं उल्हासनगरच्या लविनाचं, व्हायोला स्वप्नालीचा आणि जमिनीवर उभा टेकवून वाजवायचा मोठा चेलो सोनिवलीच्या धर्मेशचा. नाव ठेवलं वालधुनी. सांडपाण्याने काळ्या झालेल्या त्या नदीचं नाव ऐकून लोक नाकाला रुमाल लावायची खूण करायचे, पण नाव लक्षात राहायचं. असलं संगीत ऐकणारे आपल्या भागात किती, हे चौघांनाही माहीत होतं. लग्नांतून वाजवायचं, शाळांतून शिकवायचं आणि उरलेल्या वेळात युरोपातल्या जुन्या रचना बसवायच्या, असं चाललं होतं. यात पुढे हात हलवणारा कुणी नसतो. चौघांनी एकदम श्वास घ्यायचा आणि गज तारेवर टेकवायचा. एकाने जरी श्वास चोरला तरी सुरुवात फाटते.

अडचण जागेची होती. उन्नतीच्या बिल्डिंगमध्ये तक्रारी झाल्या. लविनाच्या पप्पांचं पडद्यांच्या कापडाचं गोडाऊन होतं, तिथे काही दिवस बसले. पण कापडाचे तागे सगळा आवाज पिऊन टाकायचे. "यहाँ तो अपना ही बजाया सुनाई नहीं देता," लविना म्हणाली आणि ते बंद झालं. नेमकं तेव्हाच मुंबईतल्या एका छोट्या सभागृहाने त्यांना पूर्ण संध्याकाळ देऊ केली. इतका मोठा कार्यक्रम पहिल्यांदाच मिळत होता.

तेव्हा धर्मेश म्हणाला, "आमचा एक फ्लॅट रिकामा आहे. सोनिवलीला, नवीन बिल्डिंगमध्ये. बाबा बोलले, रोज या, पाहिजे तेवढं वाजवा."

उन्नतीने टाळी दिली. स्वप्नालीने विचारलं, "रोजच का?"

"म्हणजे?"

"कधीतरी या असं नाही म्हणाले. रोज या म्हणाले."

"अगं, बोलायची पद्धत असते," धर्मेश म्हणाला.

तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट छान होता. कोऱ्या फरशा, उघड्या भिंती. चेलोची खालची तार वाजली की पायाच्या तळव्यांना कळायची. पण स्वप्नालीची नजर गॅलरीत गेली. दोरीवर कपडे वाळत होते. एक परकर, दोन साड्या, लहान मुलीचा फ्रॉक.

"इथे कोण राहतं?"

"कोण नाय. आई आणून टाकते. इथे ऊन चांगलं येतं," धर्मेश चेलोला सूर लावत म्हणाला.

धर्मेशचं घर त्याच गावात, अंगणासकट होतं. अंगणात ऊन नव्हतं काय? आणि त्यांच्या घरी लहान मुलगी कुठली? पुढच्या आठवड्यातही दोरीवर तेच कपडे होते. फ्रॉकचा गुलाबी रंग खांद्यांवर उडत चालला होता. दाराबाहेर चपलांचे जोड ठेवलेले असायचे, ते कुणाच्या पायात कधी दिसले नाहीत. तालीम नसेल त्या दिवशीही संध्याकाळी धर्मेश जाऊन दिवे लावून येतो, हे तिला लविनाकडून कळलं.

एकदा ती लवकर पोचली. वॉचमन महिपती गेटवर होता. तो ओळखीचं हसला आणि म्हणाला, "ताई, बाकीचे तिघं अजून कामावरनं आले नाहीत वाटतं."

"कामावरनं?"

"तुम्ही चौघं भाड्याने राहता ना वर? शेठने तसंच सांगितलंय. कुणी विचारलं तर तेच सांगायचं."

स्वप्नाली जिन्याकडे वळली. वर गेली, व्हायोला काढला. त्या दिवशी तिचं सगळं बिघडलं. चेलोच्या आधाराने तिने चालायचं होतं, आणि ती प्रत्येक वेळी धर्मेशचा गज हलल्यावर किंचित थांबून मग वाजवत होती.

"तू त्याच्या मागे का राहतेयस?" उन्नती वैतागली. "कार्यक्रम तोंडावर आलाय."

"बघतेय तो कुठे जातोय ते."

धर्मेशने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तेवढं तिला पुरलं. याला काहीतरी माहीत आहे, अशी तिची खात्री झाली.

दोन दिवसांनी तालीम चालू असताना बेल वाजली. दारात पन्नाशीची बाई उभी होती, खांद्याला पर्स, कपाळावर घाम. तिने आत डोकावून चौघांकडे आणि नोटेशनच्या स्टँडांकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"आम्ही प्रॅक्टिस करतो," उन्नती म्हणाली. "तुम्हाला कोण पाहिजे?"

"मला कोण नको. हे घर माझं आहे."

तिचं नाव द्रौपदी. उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात ती सुपरवायझर होती. हा फ्लॅट तिने बिल्डरकडून घेतला होता, रीतसर नोंदणी करून. ताबा मागायला गेली की तो म्हणायचा, काम बाकी आहे. आज ती स्वतः बघायला आली, तर खालून गॅलरीत कपडे दिसले. "मला वाटलं, माझ्या घरात कुणाचं तरी बाळ नांदतंय," ती म्हणाली. मग गॅलरीत जाऊन तिने फ्रॉकला हात लावला. कापड उन्हाने पापडासारखं कडक झालं होतं. ती जिना उतरून गेली.

दार लागल्यावर स्वप्नालीने विचारलं, "धर्मेश, तुला किती माहीत होतं?"

"अर्धं."

"अर्धं म्हणजे किती ते सांग."

तो चेलोची मान धरून बसला होता. "बिल्डिंग आमच्या जमिनीवर आहे. बिल्डरने बाबांना फ्लॅट द्यायचं कबूल केलं होतं, ते दिले नाहीत. म्हणून बाबांनी हा धरून ठेवला. माणसं राहतात असं दिसलं पाहिजे, एवढंच मला सांगितलं. हा कुणाला विकलाय ते मला माहीत नव्हतं. खरंच."

"म्हणजे आपण इथे वाजवायला येत नव्हतो. राखणीला बसवलं होतंस आम्हाला," स्वप्नाली म्हणाली.

महिपतीने फोन केला असणार. थोड्याच वेळात धर्मेशचे वडील हरिचंद्र वर आले. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, पण आवाज थकलेला. "कोन बाई आलती?" त्यांनी विचारलं. ऐकून घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"काका, तिच्याकडे कागद आहेत," स्वप्नाली म्हणाली.

"माझ्याकडं पन हायेत. इथं आमची भातशेती व्हती. त्या बिल्डरने तिला बी फसवला, मना बी फसवला. पन मी हा सोडला तर माझे हातात काय रवल? तुमी वाजवा. तुमाला कोन काय बोलनार नाय."

"मी इथे नाही वाजवणार."

उन्नतीचा आवाज चढला. "स्वप्नाली, आत्ता? कार्यक्रम झाल्यावर सोडू ना. आपण कुठे कुणाचं घर घेतलंय?"

"घेतलेलं दिसतंय. खालून तसंच दिसतं."

लविना गज सैल करून पेटीत ठेवू लागली. धर्मेश उठला. स्वप्नालीला वाटलं, हा आता वडिलांच्या बाजूला जाऊन उभा राहील. तो गॅलरीत गेला, दोरीवरचे कपडे काढले, एकेक घडी घालून वडिलांच्या हातात दिले आणि वर चावी ठेवली. हरिचंद्र त्याच्याकडे बघत राहिले. मग कपडे बगलेत धरून खाली गेले. पुढे दोन-तीन महिने ते मुलाशी बोलले नाहीत. धर्मेशला जेवायला आई हाक मारायची, आणि तो येऊन बसला की वडील ताट घेऊन अंगणात जायचे.

जागा पुन्हा शोधावी लागली. बबननी आपल्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीला विचारलं आणि बाजूचा हॉल सकाळच्या वेळी मिळाला. भागीरथीने मुलीला आत बोलावून विचारलं, "त्या मोठ्या बाजावाल्या पोराला पण आणणार? ज्याने तुम्हाला फसवलं?"

"त्याच्याशिवाय होत नाही, आई."

"मग लक्ष ठेव त्याच्यावर."

"ठेवतेच आहे."

हॉलमध्ये पंखे खडखडायचे, बाहेर भांडी घासण्याचा आवाज यायचा. उन्नती पहिले काही दिवस फुगलेलीच होती. स्वप्नाली आणि धर्मेश कामापुरतं बोलायचे. पण वाजवताना नजर टाळता येत नाही. श्वास कधी घ्यायचा ते दुसऱ्याच्या खांद्यावरूनच कळतं. एका सकाळी संथ भाग चालू असताना धर्मेश मध्येच थांबला आणि म्हणाला, "तू अजून माझ्या मागे येतेयस."

"येणारच."

"मग मीच तुझ्या मागे येतो. तू सुरुवात दे."

तसं करून बघितलं. चेलोने व्हायोलाच्या मागून चालणं म्हणजे खांबाने घराला विचारून उभं राहण्यासारखं. पण त्या संथ भागाला ते मानवलं. विष्णुपंत एकदा ऐकायला आले, डोळे मिटून बसले आणि जाताना म्हणाले, "हे कुणी सुचवलं?"

मुंबईचा कार्यक्रम ठीक झाला. पहिल्या भागात लविनाचं एक वळण चुकलं, शेवट जरा घाईत गेला. संथ भागाला मात्र सभागृह अगदी गप्प होतं. आयोजकांनी त्यांना हिवाळ्यातल्या मालिकेसाठी पुन्हा बोलावलं, आणि तिथूनच पुण्याच्या एका संस्थेकडे त्यांचं नाव गेलं.

फ्लॅटचं अजून मिटलेलं नाही. स्वप्नालीने द्रौपदीबाईंचा नंबर महिपतीच्या गेटवरच्या नोंदवहीतून मिळवला आणि तो धर्मेशकडून हरिचंद्रांपर्यंत पोचवला. दोघं पहिल्यांदा भेटले ते भांडायलाच. पण बिल्डर दोघांचाही एकच, हे समोरासमोर बसल्यावर लवकर लक्षात आलं. आता दोघांनी मिळून त्याच्यावर केस केली आहे. तारखेला हरिचंद्र गाडी काढतात तेव्हा द्रौपदीबाई मागच्या सीटवर असतात, आणि वाटेत दोघांचं फारसं बोलणं होत नाही म्हणे.

पुण्याचं बोलावणं आलं तेव्हा स्वप्नालीने न विचारताच धर्मेशने तिला सगळं सांगितलं: संस्था कुणाची, हॉल कुणाचा, राहायची सोय कुणाच्या घरी, त्या घरात कोण कोण राहतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तरी त्या संस्थेला स्वतः फोन लावला. ती बोलत असेपर्यंत तो हॉलच्या पायरीवर चेलोच्या पेटीची चेन ओढत बसला होता. फोन ठेवून ती म्हणाली, "बरोबर आहे." तो म्हणाला, "मग तिकिटं काढू?" तिने एकदा त्याच्याकडे नीट बघितलं आणि हो म्हणाली.