अकराव्या दाबापासून

दुसरा पूल मागे पडला तेव्हा कुठे जाऊबाई बोलल्या. तोवर तीनेक किलोमीटर आम्ही दोघी कालव्याच्या काठाने चालत होतो. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलंय, आणि सोबतीला मी.

"साहेबांचा फोन आला होता. सोमवारी मशीनवर बसा म्हणे. 'बाई, तुमच्याशिवाय आहे कोण?'" साहेबांचा आवाज त्यांनी असा काढला की मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत.

माझ्या या थोरल्या जाऊबाई बावीस वर्षं एका प्रयोगशाळेत आहेत. काम ऐकून नातेवाईक नाक मुरडतात. कत्तलखान्यातून सकाळी ताजं लिव्हर आणायचं, धारदार नळीने त्याच्या चकत्या काढायच्या, मिठाच्या पाण्यात ठेवायच्या. मग मशीनच्या दोन तबकड्यांमध्ये एकेक चकती दाबून, किती जोर दिला की ती किती दबते ते मोजायचं. त्या आकड्यांवरून रबराचं लिव्हर बनतं आणि शिकाऊ सर्जन त्यावर हात बसवतात. मी देवाधर्माचं करणारी. नवी नवरी होते तेव्हा त्यांच्या हातचं पाणी प्यायलाही कचरायचे. "अगं, तुझ्या पोटातही तेच आहे," त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे प्यायले.

त्यांचा एक नेम होता. चकती ठेवली की आधी दहा वेळा हलकेच दाबायची, ते आकडे सोडून द्यायचे आणि अकराव्यापासून लिहायचं. पहिल्या दाबांना चकती दर वेळी वेगळं सांगते, दहानंतर एका शब्दावर राहते. मग हे नवे साहेब आले, त्यांनी कामाची लेखी पद्धत काढली आणि वेळ वाया जातो म्हणून नेमकी ती ओळ खोडली. भर बैठकीत म्हणाले, "बाई, लिव्हर मोजताय की कणीक मळताय?" सगळे खो खो हसले. घरी येऊन सांगितलं तर भावजीसुद्धा हसले. त्या दिवशी जाऊबाई जेवल्या नाहीत.

पुढे आकडे सैरावैरा पळायला लागले. साहेबांनी वर कळवलं, बाईंचा हात थरथरतो. झालं, जाऊबाईंची रवानगी भांडारात, हातमोजे वाटायला. याला दोन वर्षं झाली, आकडे अजून पळतातच आहेत.

आता सोमवारी बाहेरची समिती येणार आहे. तिच्यासमोर मोजून दाखवायचं. आकडे जुन्यांशी जुळले नाहीत तर साहेबांची खुर्ची गेली.

"मग जाणार तुम्ही?"

"जाणार तर! कडक इस्त्रीचे कपडे घालून. त्यांचा कागद समोर ठेवीन आणि त्यात लिहिलंय तेवढंच करीन. दहा दाब कागदात नाहीत, मी दाबणार नाही. समितीने विचारलं तर खोडलेली ओळ दाखवीन. शेजारी सही आहे त्यांची."

"पण खोटा आकडा..."

"छे! येईल तोच लिहीन. खोटं कशाला? खऱ्यानेच नाक कापलं जाणार आहे." चालता चालता त्यांनी उजवा हात माझ्यासमोर सरळ धरला. "बघ, थरथरतोय?"

दगडासारखा स्थिर होता.

"जाऊबाई, सोडून द्या. देव बघतो सगळं."

"दोन वर्षं बघतोच आहे. आता जरा मी बघते."

मी त्यांना अडवायला हवं होतं. पण खरं सांगते, मला आतून बरंच वाटत होतं. आम्ही वळलो आणि घराकडे निघालो. पहिल्या पुलापाशी त्या थांबल्या, कठड्याला टेकल्या.

"एक करशील? रोज सकाळी देवापुढे बसून घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सद्बुद्धी मागतेस. मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. सोमवारी माझं नाव तेवढं गाळ."