मावशींच्या दारातली बादली

"पाय दाखव." मावशींची गोष्ट इथून सुरू व्हायची. रविवारी दुपारी त्या दारातच पाटावर बसलेल्या असत. शेजारी बादली, तिच्यात तरंगणारा तांब्या. गोष्ट ऐकायला आलेलं प्रत्येक पोर आधी पाय पुढं करायचं. टाचेला चिखल, बोटांच्या बेचक्यात काळं, कधी शेण, कधी त्याहून वाईट काही. मावशी ते अंगठ्यानं चोळून धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि मगच पोर आत चटईवर जायचं. मी शेजारच्या ओट्यावरून बघायचे आणि नाकाला ओढणी लावायचे. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील, ज्यांना कशाचीच किळस येत नाही. ती कशी घडतात, मला अजून नीट कळलेलं नाही.

मी मूळची कवठे येमाईची. दौंडला आत्याकडे राहून शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून मावशींनी माझं नावच 'कॉलेज' ठेवलं होतं. मावशी पूर्वी दवाखान्यात आया होत्या. एकदा मी भीत भीत विचारलं, तुम्हाला घाण वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "पाण्यानं जाती ती कसली घाण?"

मुलगा आणि सून कुरकुंभला कंपनीत जात. नातू घरी. त्याला पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगायच्या म्हणून मावशींनी सुरुवात केली, आणि त्याच्यामागं गल्लीतली पोरं आली. प्रज्ञा त्यातलीच. तिच्या घरी बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. तिचे वडील पहिल्याच दिवशी मावशींना येऊन सांगून गेले, की गोष्टी ऐकू द्या, हात कुणाला जोडायचे ते आमच्या घरी ठरतं. मावशी म्हणाल्या, "बरं की दादा. माझ्याकडं नुसतं पाय धुवावं लागत्यात."

गोष्टी मात्र सरळ पार पडायच्या नाहीत. महापुरातल्या नोहाच्या तारवात, म्हणजे जहाजात, इतकी जनावरं, मग शेण कुणी काढलं, यावर एक दुपार गेली. दावीदानं गोफणीनं राक्षस लोळवला हे ऐकून नातवानं माझ्या आत्याची कुंडी फोडली. हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीला प्रज्ञानं विचारलं, मेंढपाळ एकाला शोधायला गेला, मग बाकीची नव्याण्णव कुणाकडं ठेवली? मावशींनी मला हाक मारली. "ए कॉलेज, तुमच्यात मेंढरं होती न्हवं? सांग हिला." मी अडखळत सांगितलं, की आमचे आजोबा असं कळप टाकून कधी गेले नसते, लांडगा टपलेला असतो. पुढच्या रविवारी गोष्टीत एक कुत्रं आणि मेंढपाळाची बायको आली. "शास्त्रात लिवलं नसंल," त्या म्हणाल्या, "पर बायको असणारच. न्हाईतर त्याला भाकर कुणी बांधून दिली?"

मग ते साहेब आले. मावशींच्या कुणा ओळखीच्याच्या ओळखीचे. पोरांना चित्रांची पुस्तकं देणार होते. त्या दिवशी मावशींनी पोरांचे पाय साबणानं धुतले. साहेब बुटासकट चटईवर आले, मोबाइल काढला, आणि मावशी चहा टाकायला आत गेल्यावर पोरांकडे बघत म्हणाले की हे फारच टापटीप दिसतंय. मग गंमत म्हणून त्यांनी पोरांना गटारीच्या चिखलातून पळायला लावलं. मी "अहो सर" म्हणत पुढं झाले, तर "दोन मिनिटं, ताई" म्हणून मला हातानं बाजूला केलं. प्रज्ञाचे केस विस्कटले, तिच्या हातात मावशींचीच एक रिकामी थाळी दिली.

"हसू नको बाळा. भूक लागल्यासारखं कर."

तो आवाज किती गोड होता, हे आठवलं तरी माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

मावशी चहा घेऊन बाहेर आल्या. पोरांचे पाय बघितले. कप खाली ठेवले, बादली ओढली. "साहेब, बूट काढा. पाय दाखवा." साहेब हसले. मोबाइलवर शूटिंग चालूच होतं. मावशींनी प्रज्ञाचा पाय मांडीवर घेतला आणि तांब्या बुडवला.

आठवड्याच्या आतच गल्लीतल्या फोनांवर तो व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, अनाथ आणि उपाशी मुलं, मदत पाठवा. मागं रडकं संगीत.

प्रज्ञाचे वडील फोन घेऊन मावशींच्या दारात आले. आवाज चढवला नाही. "मावशी, मी जिता हाय. हिची आई जिती हाय. आमची पोरं कुणाच्या दयेवर न्हाईत."

मावशी म्हणाल्या, "माझ्या दारात झालं, दादा."

एवढंच. मला राहवलं नाही, घडलं ते सगळं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तुमच्यावर राग नाही, पण पोरगी आता येणार नाही. निदान ते तोंडावर तरी बोलले. बाकीच्यांनी पोरं पाठवणं गुपचूप बंद केलं. ज्यांची पोरं मावशींकडे चहा-बटर खाऊन जायची, त्या बायका नळावर म्हणत होत्या की आम्हाला आधीच संशय होता. त्यांच्या शेजारी घागर लावायचंही मला नको वाटायचं.

मावशींनी माझ्या फोनवरून साहेबांना लावलं. काढून टाका म्हणाल्या. पलीकडून उत्तर आलं, "मावशी, हे पण देवाचंच काम आहे ना?" त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि मोरीत जाऊन हात धुतले. बराच वेळ साबण लावत होत्या.

"ए कॉलेज," पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला किळस आली गं."

पुस्तकं कधी आलीच नाहीत. पुढचे काही रविवार मावशी दारात बादली घेऊन बसत. नातू एकटाच घरातून बाहेर येऊन, पाय धुऊन, पुन्हा घरात जायचा. पुढं मुलाला रांजणगावला काम लागलं आणि ते बिऱ्हाड शिरूरला गेलं. मावशींच्या खोलीत आता दुसरे भाडेकरू आहेत. त्यांच्या दारात चपलांचा ढीग असतो.

व्हिडिओ मात्र अजून फिरतोय. परवा आत्याच्या फोनवर पुन्हा आला, आणि नको नको म्हणत मी शेवटपर्यंत पाहिला. प्रज्ञाचे चिखलाचे पाय. रिकामी थाळी. मग कडेनं एक सुरकुतलेला हात येतो, हातात तांब्या. तांब्या कलतो, आणि पाणी पडायच्या आत व्हिडिओ संपतो.